पान कुणाचं वाढलंय?

फुलपाखरू आणि वसंत यांचं लग्न कुणीतरी फार पूर्वी लावून दिलं आणि ते मोडायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही. शाळेतल्या निबंधात पहिल्या ओळीत वसंत येतो, दुसऱ्या ओळीत फुलपाखरू, तिसऱ्या ओळीत कोकीळ, आणि चौथ्या ओळीपर्यंत मुलाचा पेन्सिलीला टोक करण्याचा उत्साह अनावर होतो. महाराष्ट्रातून बदली होऊन चेन्नईला आलेला मराठी माणूस हा निबंध सामानात बांधूनच आणतो. गुढी उभारून झाली, कडुलिंबाचं पान चावून तोंड वाकडं करून झालं, की तो गॅलरीत उभा राहून वसंताची आणि पर्यायाने फुलपाखरांची वाट बघू लागतो. त्याला भेटतं ते ऊन. या शहरात 2003च्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला होता, आणि मे महिन्यातल्या तीनेक आठवड्यांना इथले लोक ‘कत्तिरी’ म्हणून वेगळी वागणूक देतात, जशी आपण श्राद्धपक्षाला देतो. अशा दिवसांत भर दुपारी फुलपाखरू दिसलंच, तर ते बागडत नसतं, सावली शोधत असतं. मुळात वसंताची ही जोडी थंड मुलखात जमलेली आहे. इंग्लंडातली फुलपाखरं थंडीने अडवून धरलेली असतात. ऊन तापलं की दार उघडतं आणि सगळी एकदम बाहेर पडतात. चेन्नईत ऊब कधी कुणाला कमी पडली आहे? इथे फुलपाखरू अडतं ते पानावाचून. वर्षभरात साधारण 1400 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. त्या पावसानंतर कुंपणं, मोकळे भूखंड, रेल्वेचे रूळ आणि महापालिकेने विसरलेल्या जागा हिरव्या होतात, आणि अळ्यांची पंगत बसते. म्हणजे फुलपाखरांचा मोठा हंगाम येतो तो आपल्या पंचांगातल्या हेमंतात, मार्गळी महिन्यातल्या संगीतसभा भरतात त्या सुमाराला. त्या सभांमध्ये कुठलं गाणं ऐकायचं हे बरेच रसिक कँटीन कुठलं आहे यावरून ठरवतात, अशी चेन्नईत जुनी थट्टा आहे. माझं म्हणणं असं, की फुलपाखरांच्या बाबतीत ही थट्टा नाहीच. कुठे, कधी आणि कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कँटीनमध्येच मिळतात.

कधी हा प्रश्न आधी संपवू, कारण तो सोपा आहे. चेन्नईत वसंत अजिबात येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो शहराला येत नाही. एकेका झाडाला येतो, आणि प्रत्येक झाडाकडे वेगळ्या तारखेला. करंजाचंच बघा. तमिळमध्ये त्याला पुंगै म्हणतात आणि इथल्या रस्त्यांवर त्याची सावली पुष्कळ आहे. हिवाळा म्हणावा अशा दिवसांत तो पानं टाकतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पोपटी पालवीने भरून जातो. ही पालवी निघाली की ‘कॉमन बँडेड ऑल’ नावाचं तपकिरी, अतिशय घाईचं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालायला येतं. त्याच झाडावर ‘कॉमन सेरुलियन’ हे फिकट निळं फुलपाखरूही आपला संसार मांडतं. पुढे बहाव्याला कोवळी पानं आली की पांढरट-पिवळी ‘एमिग्रंट’ फुलपाखरं त्याच्याभोवती फिरू लागतात. बघणारे फुलांचे झुंबर बघत राहतात. फुलपाखराच्या मादीचं लक्ष मात्र पालवीकडे असतं. म्हणून ‘चेन्नईत वसंतातली फुलपाखरं कोणती?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘वसंत कुणाचा, करंजाचा की बहाव्याचा?’ असं उलट विचारावं लागतं.

आता कोण हा प्रश्न. फुलपाखरं ओळखायची सगळी पुस्तकं पंखांपासून सुरू होतात. वरची बाजू, खालची बाजू, पुढचा पंख, मागचा पंख, कडेचे ठिपके, मधले ठिपके. हे सगळं टेबलावर टाचणीने टोचून ठेवलेल्या फुलपाखराला लागू पडतं, आणि टोचलेलं फुलपाखरू ही जगातली सर्वांत सहकारी वृत्तीची वस्तू आहे. जिवंत फुलपाखरू असा सहकार करत नाही. ‘टेल्ड जे’ हे हिरव्या ठिपक्यांचं देखणं फुलपाखरू मध पितानासुद्धा पंख थरथरवत ठेवतं, म्हणजे ठिपके मोजणाऱ्याने डोळे आधी तपासून घ्यावेत. पण हे फुलपाखरू चेन्नईत जागोजागी का दिसतं, याचं उत्तर त्याच्या पंखांवर नाहीच. ते कंपाउंडच्या भिंतीला लागून पोलिसांच्या तुकडीसारखी उभी केलेली जी उंच, सडपातळ खोट्या अशोकाची झाडं असतात, त्यांच्या पानांत आहे. तिथे त्याची अळी वाढते. ज्या सोसायटीने शोभेसाठी अशोक लावला, तिने नकळत टेल्ड जेला जेवणाचा डबा लावून दिला. तेव्हा अशोकाच्या रांगेवरून काही हिरवं-काळं सर्रकन गेलं, तर ठिपके मोजायचा हट्ट सोडावा आणि नाव लिहून मोकळं व्हावं. चूक होण्याची शक्यता आहे, पण ती ठिपके मोजूनही आहेच.

यावर जाणकार म्हणतील, हा आळशी माणसाचा शॉर्टकट झाला. शास्त्र पंखांवरच चालतं. म्हणून शास्त्राचीच साक्ष काढतो. कार्ल लिनियसने 1758 साली जगातल्या प्राण्यांना नावं वाटली, तेव्हा फुलपाखरांसाठी त्याने ट्रॉयचं युद्ध उघडलं. काळ्या पंखांवर लालभडक ठिपके असलेल्या एका फुलपाखराला त्याने हेक्टर केलं. तेच आजचं ‘क्रिमसन रोझ’. आणखी एकाला त्याने पॉलिटीस म्हटलं, आणि काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेल्या तिसऱ्याला पॅमॉन. पुढे उघड झालं ते असं, की पॅमॉन आणि पॉलिटीस हे एकाच घरातले नवराबायको होते आणि लिनियसने त्यांची दोन वेगळी रेशनकार्डं काढून दिली होती. हेच आपलं ‘कॉमन मॉर्मन’. त्याचा नर एकाच वेषात असतो, मादी मात्र तीन वेषांत. एक मादी नवऱ्यासारखी, दुसरी ‘कॉमन रोझ’सारखी, तिसरी हुबेहूब क्रिमसन रोझसारखी. या तिघी बहिणीच आहेत हे 1865 साली आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलायाकडच्या फुलपाखरांवरच्या निबंधात मांडलं, म्हणजे शंभरावर वर्षं पंख बघणाऱ्यांनी एका कुटुंबाची दोन-तीन कुटुंबं करून ठेवली होती. त्याच काळात कुणी कढीपत्त्याच्या एका फांदीवरची अंडी घरात वाढवून बघितली असती, तर एकाच ताटात जेवलेल्या अळ्यांतून हे सगळे वेष बाहेर पडताना दिसले असते. (पौराणिक गंमत अशी, की ट्रॉयच्या कथेत पॉलिटीस हा हेक्टरचा सख्खा भाऊ. भावाचे कपडे घालून फिरण्याची सवय लिनियसला ठाऊक नसताना त्याने नावं मात्र अचूक दिली.)

हा वेषांतराचा उद्योग कशासाठी, याचं उत्तरही पानातच आहे. क्रिमसन रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर आणि तिच्या जमिनीलगत पसरणाऱ्या बहिणीवर, किडामारीवर वाढते. त्या पानांत विषारी आम्ल असतं. अळी ते पचवून अंगात साठवते, आणि मोठेपणी फुलपाखरू झाल्यावरही ते विष अंगात राहतं. एकदा खाऊन पस्तावलेला पक्षी पुन्हा त्या लाल-काळ्या कपड्यांच्या वाटेला जात नाही. किडामारीला तमिळ लोक ‘शेळीसुद्धा न खाणारी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि आपण ‘किडे मारणारी’ म्हणतो. या दोन्ही प्रशस्तिपत्रांकडे दुर्लक्ष करून क्रिमसन रोझची अळी ती चवीने खाते. कॉमन मॉर्मनच्या अळीच्या नशिबी कढीपत्ता आणि लिंबू. ती चवदार राहते, आणि चवदार असण्याची किंमत म्हणून तिच्या पोटी जन्मलेल्या मादीला विषारी शेजारणीची साडी नेसावी लागते. हा वेष ठरवतो कोण, ते 2014 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. डबलसेक्स नावाचं एकच जनुक मादीच्या पंखांचा सगळा नमुना फिरवतं. त्या संशोधनाचे पहिले लेखक मराठी, कृष्णमेघ कुंटे; मराठी वाचकांना ते ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे ठाऊक आहेत, आणि त्या पुस्तकातलं मुदुमलाईचं जंगलही तमिळनाडूतलंच. म्हणजे ज्या पंखांवर आपण विश्वास ठेवायचा, ते एका जनुकाच्या मर्जीवर बदलतात. पान मात्र बदलत नाही. क्रिमसन रोझच्या वेषातली मॉर्मन अंडी घालायला ईश्वरीवर गेली, असं होत नाही. तिथे तिचं बिंग फुटतं. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पानावर तबला वाजवल्यासारखं करून पायांनीच चव घेते, नापसंत असेल तर क्षणात उठते आणि पसंत पडलं तर शेपटाकडचं टोक वाकवून एक अंडं चिकटवते. लिंबाच्या झाडाभोवती लाल-काळं फुलपाखरू असा तबला वाजवत फिरत असेल, तर पंख काहीही सांगोत, ती मॉर्मनच.

इथे एक प्रामाणिक हरकत घ्यायला हवी, आणि कुणी घेण्याआधी मीच घेतो. अस्सल रोझ जातींचं पोट लाल असतं, नकलीचं काळं. म्हणजे पोट दिसलं तर पानाची गरजच नाही. कबूल. पण फुलपाखराचं पोट दिसायला ते थांबावं लागतं, आणि थांबलेलं फुलपाखरू हा पुन्हा त्या टाचणीचाच विषय झाला. शिवाय ही सवलत सगळीकडे मिळत नाही. ‘प्लेन टायगर’ हे नारिंगी, काळ्या-पांढऱ्या टोकांचं फुलपाखरू रुईवर वाढतं. ती रुई इथल्या विनायक चतुर्थीला फुलांच्या माळेसाठी लागते आणि आपल्याकडे शनिवारी मारुतीला; वर्षभर मात्र दोन्ही राज्यांत तिची नोंद कचऱ्यात. रुईच्या विषामुळे प्लेन टायगरलाही पक्षी सोडून देतात, म्हणून ‘डॅनाइड एगफ्लाय’ नावाच्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी त्याच नारिंगी वेषात वावरते. तिचा नवरा काळाकुट्ट, अंगावर मोठे पांढरे ठिपके. दोघं शेजारी बसली तर कुणीही लग्नाला हरकत घेईल. फरक एवढाच, की अस्सल टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात आणि हिच्या तिथे नसतात. उडत्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काय नाही, हे बघणं म्हणजे धावत्या लोकलमध्ये कोण चढलं नाही हे सांगण्यासारखं आहे. आता पान विचारा. टायगरची मादी रुईकडे जाईल. एगफ्लायची मादी जमिनीलगतच्या मांसल, लालसर देठांच्या घोळीकडे. तीच घोळीची भाजी, जी इथल्या कीरै विकणाऱ्या बायका परुप्पु कीरै म्हणून जुडी बांधून देतात. नारिंगी फुलपाखरांचा हा सगळा घोळ अखेर घोळीनेच निस्तरतो.

आणि या घोळीपाशी मला सरकारची गंमत वाटते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अनेक वर्षं वाघाच्या पंगतीला डॅनाइड एगफ्लाय आणि क्रिमसन रोझ दोघंही बसलेली होती. त्यांना पकडलं तर तुरुंग. पण त्यांच्या मुलांच्या ताटातली घोळ आणि किडामारी यांना कुठल्याही परिशिष्टात जागा नव्हती. त्यांना खुरपं लावायला परवाना लागत नाही, उलट रोजगार मिळतो. वाघाला संरक्षण द्यायचं आणि जंगलातली हरणं भाजीवाल्याला विकायची, असा हा न्याय. बरं, एगफ्लाय ज्याचा वेष घेते त्या प्लेन टायगरला मात्र कायद्याने कधीच विचारलं नाही. वेष सामान्याचा आणि मान वाघाचा, अशी ही एकटीच असावी.

दुसरी हरकत अधिक रास्त आहे. फुलपाखरू पानावर कमी आणि फुलावरच जास्त वेळ बसतं. नावातच फूल आहे. मग पानावरून ओळखायचं कसं? याचं उत्तर असं की फुलावर बसणं ही ओळख नव्हे, ती कॉफी आहे. घाणेरीच्या म्हणजे लँटानाच्या झुडपावर दुपारी अर्धं शहर भेटतं: मॉर्मन, टायगर, क्रो, एमिग्रंट, ‘टॉनी कोस्टर’. कुणाच्या हातात कॉफीचा टंबलर आहे यावरून त्याचं घर मैलापूरला की तांबरमला, हे सांगता येत नाही. घर कळतं ते रात्रीच्या जेवणाला कुठे जातो यावरून. टॉनी कोस्टर लँटानावर मध पिऊन मोकळ्या भूखंडावरच्या जंगली कृष्णकमळाच्या वेलीकडे जाईल. ‘जेझबेल’, ज्याला मराठीत हळदीकुंकू असं शोभून दिसणारं नाव आहे, ते आंब्यावरच्या बांडगुळाकडे जाईल. सगळं सौभाग्य पंखांच्या खालच्या बाजूला आणि संसार परक्याच्या झाडावर फुकट राहणाऱ्या भाडेकरूकडे. मात्र इथे एक पोटहरकत आहे, ती मला पूर्ण मान्य आहे: ही कसोटी बायकांनाच लागू होते. नरांना जेवण करायचं नसतं, त्यामुळे ते कुठेही सापडतात. ‘ब्लू टायगर’चे नर खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या वाळक्या काटक्यांवर घोळक्याने बसलेले दिसतात. भोळा निरीक्षक म्हणेल, हेच त्यांचं झाड. नाही. तिथून ते अल्कलॉइड नावाची द्रव्यं चोखून घेतात, आणि त्यांपासून मादीला भुलवायचं अत्तर बनवतात. नर दिसला तर तो औषधाच्या दुकानाशी उभा आहे की घरी, हे आधी बघावं. त्यासाठी शेजारी कुठे मादी पानांवर उतरते आहे का, एवढी चौकशी पुरेशी असते.

तिसरी हरकत घेणारे हिशेबी असतात. ते म्हणतात, एका पानावर अनेक पाहुणे जेवतात, मग निवाडा कसा? कढीपत्त्यावर मॉर्मनही वाढतं आणि लेमन किंवा लाइम बटरफ्लायही. एरंडावर ‘कॉमन कॅस्टर’ आणि ‘अँगल्ड कॅस्टर’ दोघंही. अगदी खरं. पण भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. त्यांतून पानाने दोन उरवून दिल्या, तर राहिलेल्या दोघांत पंखांना निवडायला सांगणं, एवढं काम पंखांना झेपायला हरकत नाही. माझा पंखांवर राग नाही. पहिला मान त्यांना नको, इतकंच. शिवाय उलटीही बाजू आहे. ‘ग्रास ब्लू’ नावाची शर्टाच्या गुंडीएवढी निळी-राखी फुलपाखरं हिरवळीवर अगदी जमिनीलगत उडतात, आणि त्यांच्या जाती वेगळ्या करताना चांगल्या चांगल्यांचा आवाज खाली येतो. पंखांखालच्या बारीक ठिपक्यांची रांग सरळ की वाकडी, यावर वाद होतात. तणाला विचारा. ‘पेल ग्रास ब्लू’ आंबुशीच्या तिपानी रोपट्यावर अंडं घालते, ‘लेसर ग्रास ब्लू’ शेंगावर्गीय रानरोपांवर, आणि सर्वांत चिमुकलं ‘टायनी ग्रास ब्लू’ रुएलियासारख्या रोपांच्या कळ्यांवर. जिथे पंख एकसारखे तिथे पानं वेगळी. गुडघ्यावर बसून गवत ओळखायची तयारी मात्र हवी, आणि चेन्नईच्या दुपारी गुडघ्यावर बसणं हे निष्ठेचंच काम आहे.

चौथी हरकत आजची आहे: हे सगळं कशाला, फोटो काढा, मोबाइल सांगेल. मोबाइल सांगतो हे खरं, आणि तो न लाजता सांगतो. पण तोही पंखच बघतो. ज्या वेषाने पक्षी हजारो पिढ्या फसत आले, त्या वेषाने दोन वर्षांचा मोबाइल फसला तर त्यात त्याचा अपमान नाही. त्याला पान दाखवायचं कुणाला सुचत नाही, कारण फोटोतून पान कापून फुलपाखरू मोठं करण्याची आपल्याला हौस. म्हणजे साक्षीदाराला बाहेर काढून आरोपीचा सुंदर फोटो न्यायाधीशाला द्यायचा. प्रवाशांच्या बाबतीत मात्र मी माघार घेतो. मोसमी वाऱ्यांबरोबर ब्लू टायगर, ‘डार्क ब्लू टायगर’ आणि क्रो यांचे थवे पश्चिम घाट आणि पूर्वेकडची मैदानं यांच्यात ये-जा करतात, आणि क्रिमसन रोझ तर समुद्र ओलांडून श्रीलंकेकडेही जाते. वाटेत असलेल्या माणसाला त्याचं स्वयंपाकघर विचारून उपयोग नसतो.

राहिला कुठे हा प्रश्न. पानाचं हे राजकारण किती खोल आहे हे दोन राज्यांच्या निवडीवरून दिसतं. 2015 साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी स्वतःचं राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ‘ब्लू मॉर्मन’. त्याचं शास्त्रीय नाव पॉलिम्नेस्टर, आणि तो ट्रॉयच्या राजाचा जावई. ग्रीक कथेत त्याने सोन्यासाठी मेहुण्याचा खून केला. राज्याच्या मानचिन्हाचं चारित्र्य कुणी तपासलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं. तमिळनाडूने 2019 साली ‘तमिळ योमन’ निवडलं. आता गंमत बघा: ब्लू मॉर्मन मुंबईतल्या बागांतही येतं, आणि तमिळ योमन बघायचं तर चेन्नई सोडून पश्चिम घाट गाठावा लागतो. पंखांकडे बघत बसलं तर या भेदाचं कारण सापडणार नाही. ब्लू मॉर्मनची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर जगते, आणि मुंबईत लिंबू कुणाच्या तरी कुंडीत असतंच. योमनच्या अळीला कडूकवठ लागतं, आणि कडूकवठ हे पश्चिम घाटातल्या ओल्या जंगलांचं झाड. राजधानीने मान दिला, पण जेवायला घातलं नाही; मग पाहुणा येणार कशाला? याउलट कढीपत्ता भाजीवाली जुडीबरोबर फुकट घालते, म्हणून लाइम बटरफ्लाय चेन्नईत कुणाच्याही परसात हजर. त्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात कोनिग नावाचा माणूस बसलेला आहे. लिनियसचा हा शिष्य 1768 साली तरंगंबाडीला आला. ती डेन्मार्कची वखार, आणि भोवती राज्य तंजावरच्या भोसल्यांचं. तिकडून त्याने युरोपात पाठवलेले किडे बघून कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने जातींना नावं दिली, तेही पंख बघूनच. पानाचा धनी असूनही कोनिगला कुणी पान विचारलं नाही.

शेवटची हरकत कुणी तोंडाने घेत नाही, हाताने घेतात. फुलपाखरू हवं, अळी नको. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लाइम बटरफ्लायची पिल्लं दिसली, की ती चिमट्यात धरून भिंतीपलीकडे टाकली जातात. जरा मोठी झालेली अळी डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं काढून वास सोडते, आणि तिथे उरलेली सहानुभूती संपते. या मंडळींचा युक्तिवाद असा की कढीपत्ता रसमला लागतो. लागतो. पण घातलेल्या अंड्यांपैकी बहुतेक मुंग्या, गांधीलमाश्या आणि पक्षी आधीच संपवतात. उरलेल्या दोन-चार अळ्या रसमची चव बिघडवतील इतका कढीपत्ता खात नाहीत. ‘बॅरन’ची अळी तर आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर अशी आडवी पडते की तिच्या पाठीवरची पट्टी शीरच वाटते, शेजारून जाणाऱ्या माणसाला ती दिसतही नाही, आणि आंबा पिकायचा थांबत नाही.

ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या काचेच्या इमारतींसमोर शोभेचे सायकस लावलेले असतात. तिथे ‘प्लेन्स क्युपिड’ नावाचं निळं फुलपाखरू त्यांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं आणि मुंग्या त्याच्या अळ्यांची राखण करतात. बागकाम बघणारा कंत्राटदार फवारणी करतो आणि पुढच्या महिन्यात ‘परिसरात जैवविविधता वाढवावी’ असं पत्र त्याला वरून येतं. मग फुलपाखरू उद्यान करायचं ठरतं. आधी रुई, घोळ, एरंड, जंगली कृष्णकमळ आणि किडामारी साफ होतात, कारण ते तण. मग कार्पेटसारखं गवत अंथरलं जातं, त्यात इक्झोरा आणि लँटाना लागतात, म्हणजे कॉफी भरपूर आणि जेवण बंद. दाराशी सिमेंटचं मोठं फुलपाखरू बसतं. ते ओळखण्याचा प्रयत्न करायला हरकत नाही. पुढचे पंख साधारण मॉर्मनचे असतात, मागच्या पंखांना जेझबेलचा पिवळा रंग दिलेला असतो, पोट लाल, आणि मिशा ठेकेदाराच्या कल्पनेतल्या. पंखांवरून ते सहा जातींचं निघतं, आणि खात काहीच नसल्यामुळे माझी रीतही तिथे चालत नाही. त्याच्या चौथऱ्याला तडा गेला की दुसऱ्या पावसात त्यातून घोळ उगवते. माळी ती उपटतो. एखाद्या आठवड्यात तो रजेवर असला, तर तिथे नारिंगी पंखांची एक मादी उतरून पायांनी पान चाखून बघते, आणि सिमेंटच्या पंखांपुढे उभं राहून सेल्फी काढणारे तिला कॅमेऱ्यासमोरून हाकलतात.